फुली मारलेल्यांची हजेरी

केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेले की एक वाडी लागते. तिथल्या दूध संकलन केंद्राच्या पत्र्यावर एक भोंगा बसवलेला आहे आणि त्यातून रोज पहाटे माझा आवाज निघतो. मी त्या वेळी केजला माझ्या घरी झोपलेली असते. हा आवाज मी तिशीत असतानाचा आहे. आता माझा आवाज तसा राहिलेला नाही. कधी वाडीत मुक्कामाची वेळ आली, तर मी अंथरुणात उठून बसते आणि एक तरुण बाई लोकांची नावे पुकारते आहे, ती ऐकते. तिची शिस्त मला पटते. ती मीच आहे, हे मात्र स्वतःला सांगावे लागते.

मी संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचा व्यवसाय केला. त्याआधी काही वर्षे शाळेत गणित शिकवले, म्हणून तालुक्यात मला आजही 'बाई' किंवा 'म्याडम' म्हणतात. ज्या वाचकांचा या व्यवसायाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण करते. संगणकाकडून एखादे काम करून घ्यायचे, तर त्या कामाच्या सर्व पायऱ्या, एकही न गाळता, त्याला लिहून द्याव्या लागतात. दूध केंद्राचे उदाहरण घ्या. सभासदाचा क्रमांक विचार. काट्यावरचे वजन वाच. दुधाची फॅट वाच. पावती छाप. पुढच्या माणसाकडे वळ. या सूचना ज्या भाषेत लिहितात, तिला प्रोग्रामिंगची भाषा म्हणतात. अशा भाषा पुष्कळ आहेत आणि साधारण कोणतेही काम त्यांपैकी बहुतेक भाषांत होऊ शकते. तरीही प्रोग्राम लिहिणारा माणूस आपली भाषा सहजासहजी सोडत नाही. चौसाळ्याला माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते. गिऱ्हाइकाने दुसऱ्या भाषेचे नाव काढले की ते चहाचा कप खाली ठेवत आणि बोलणे तिथेच संपे. त्यांचे काम हळूहळू गेले, पण कप खाली ठेवण्याची पद्धत गेली नाही.

माझी भाषा फॉक्सप्रो. ती घडवणाऱ्यांनीच तिचे काम केव्हाचे थांबवले आहे. माझा माजी विद्यार्थी अमोल मला यावरून नेहमी चिडवत असे. तो आता अंबाजोगाईला स्वतःचे कार्यालय चालवतो, त्याची मुलगी शाळेत जाते, पण माझ्यासमोर खुर्चीवर बसताना तो अजून परवानगी घेतो.

"बाई, तुमच्या भाषेत आता पोरं नापास बी व्हायना गेलीत. शिकतंच न्हाई कुणी."

"आणि तुझी?"

"पायथन. वाचायला सोपी, लिहायला सोपी."

"सोप्या गणितात वर्गात सगळ्यांत जास्त चुका कोण करायचं, आठवतं का?"

"मीच," तो म्हणाला. "पण ते गणित होतं बाई. आता बिल मी लावतो."

वाडीच्या केंद्राचा प्रोग्राम मी फॉक्सप्रोत लिहिला, त्याला फार वर्षे झाली. त्यात एक भाग मी शाळेतून आणला होता. दूध नेणारा टँकर फार वेळ थांबत नाही आणि काही घरे वस्तीपासून दूर शेतात आहेत. म्हणून संकलन संपत आले की ज्यांचे दूध आलेले नाही, त्यांची नावे भोंग्यावरून पुकारायची, अशी सोय केली. प्रत्येक नाव तीनदा. ज्याचे नाव असेल त्याने, किंवा त्याच्या घरच्या कुणीही, जिथे असेल तिथून ओ द्यायची: 'हाय' किंवा 'आलो'. ओ ऐकू आली की केंद्रातला माणूस एक बटण दाबतो, यंत्र पुढच्या नावाकडे वळते आणि टँकर त्या माणसासाठी थांबतो. वाडीने याला 'हजेरी' हेच नाव दिले.

नावे माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रित केली. सगळे सभासद केंद्रात उभे होते आणि मी प्रत्येकाला बजावले होते की, नाव घेतल्यावर बोलायचे नाही. त्यात गंगाराम नावाचा एक मेंढपाळ शेतकरी होता. त्याने स्वतःच्या, बायको कौसाबाईच्या आणि मुलगा नवनाथच्या नावाने लागोपाठचे तीन क्रमांक घेतले होते, कारण संस्थेच्या निवडणुकीत घरात तीन मते झाली तर बरे. नवनाथने नुकतीच शाळा सोडली होती. मी "नवनाथ गंगाराम" म्हणताच तो सवयीने "आलो" म्हणून मोकळा झाला. सगळे हसले. गंगारामने त्याच्या पाठीत हलकीशी बुक्की घातली. मी ते मुद्रण पुसले आणि नाव पुन्हा घेतले. या वेळी त्याने तोंडावर हात दाबून धरला होता.

आता फुलीविषयी. माझ्या भाषेत प्रत्येक नावाच्या आधी एका अक्षराएवढे घर रिकामे असते. नाव काढून टाकण्याची आज्ञा दिली, तर त्या घरात फुलीसारखी एक खूण पडते, एवढेच. नाव जागच्या जागी राहते. प्रोग्राम त्याला ओलांडून पुढे जातो. 'रिकॉल' अशी आज्ञा दिली की फुली निघते आणि नाव परत येते. नाव खरोखर नष्ट करायचे, तर 'पॅक' नावाची वेगळी आज्ञा आहे. ती मी वाडीत कधीच चालवली नाही. याचे कारण भावनेचे नव्हते, लोडशेडिंगचे होते. पॅक चालू असताना वीज गेली, तर जिवंत नावांसकट सगळेच जाण्याची भीती असते. शिवाय शाळेतही कमी झालेल्या मुलाच्या नावावर लाल रेघ ओढतात, पान फाडत नाहीत.

या खुणेची एक मर्यादा आहे. नाव का काढले, हे ती सांगत नाही. माणूस वारला, म्हैस विकली, गाव सोडले, घरात भांडण झाले, फुली एकच.

नवनाथची फुली भांडणाची होती. शेळ्या विकण्यावरून बापलेकांत वाद झाला आणि तो घर सोडून गेला. पंधरवड्याने गंगाराम केंद्रात आला आणि म्हणाला, "त्याचं नाव काढा. मला रोज ऐकू येतं." नाव काढले गेले. पुढे गंगाराम वारला. त्याच्याही नावावर फुली पडली. नवनाथचा निरोप कधी आला नाही. भावकीतले लोक कौसाबाईला सांगत राहिले की, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दे, पोराला मोकळं कर. ती प्रत्येकाला एकच सांगे, "खबर येऊ द्या."

मी निवृत्त झाले आणि केंद्राने नवा प्रोग्राम करायचे काम अमोलला दिले. मी विरोध केला नाही. फक्त थोडे दिवस दोन्ही प्रोग्राम बरोबर चालवावेत, असे सुचवले. ठरले असे की, दूध मोजण्याचे काम जुना प्रोग्राम करील आणि हजेरी अमोलचा नवा प्रोग्राम घेईल. नावे तो माझ्याच जुन्या साठ्यातून वाचील आणि आवाजही माझाच राहील. अमोलने वाचण्याचा भाग स्वतः लिहिला. पहिल्या घरात काहीच दिसत नाही, असे पाहून त्याने ते सोडून दिले आणि दुसऱ्या घरापासून वाचायला सुरुवात केली. त्याच्या कामात काढलेले नाव हे गेलेलेच असे. मागे उभे राहिलेले नाव त्याने कधी पाहिलेच नव्हते.

नवी हजेरी सुरू झाली, त्याच पहाटे केंद्राचा सचिव अंकुश याचा फोन आला.

"म्याडम, एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा."

"तुमी आमच्या मेलेल्या माणसांला कावून बोलवायलाव?"

मी काही बोलण्याआधीच फोनमधून मला माझा आवाज ऐकू आला. लांबून, भोंग्यातून, स्पष्ट उच्चारात तो एका बाईचे नाव घेत होता. त्या बाईच्या अंत्ययात्रेला मी स्वतः गेले होते. तिसऱ्या हाकेनंतर फोनच्या जवळच कुणी म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "हाय. हाय गं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अमोल आणि मी वाडीत पोहोचलो. थंडीचे दिवस होते आणि वाडीलगतच्या तलावावरचे धुके केंद्राच्या पायरीपर्यंत आले होते. मला वाटले होते, लोक चिडलेले असतील. तसे काही नव्हते. रांगेतल्या सर्वांनी आपापल्या किटल्या खाली ठेवल्या होत्या आणि भोंग्याकडे तोंड करून ते उभे होते. ज्यांचे दूध केव्हाच घालून झाले होते, तेही घरी गेले नव्हते. भोंगा एकेक नाव घेत होता. जिथे नाव ओळखीचे निघे, तिथे त्या घरचे माणूस ओ देई. इतकी वर्षे घरच्या उशीर झालेल्या माणसासाठी ते ओ देतच आले होते. काय म्हणायचे, हे त्यांना ठाऊक होते.

अमोल भोंगा बंद करायला धावला. भावकीतले वडीलधारे दगडू आबा दारात बसले होते, त्यांनी काठी आडवी धरली.

"थांब बे. मधी तोडू नगं. ज्यांची राह्यलीत त्यांची होऊ दे."

मग गंगारामचे नाव आले. तीनदा. कौसाबाई रांगेत होती. तिने ओ दिली नाही. तिचे दूध आधीच घालून झाले होते, त्यामुळे तिचे नाव आले नाही. त्यानंतर माझ्या तरुण आवाजाने म्हटले, "नवनाथ गंगाराम."

कुणीतरी चुकचुकले. कौसाबाईने माझ्याकडे पाहिले आणि ती रांग सोडून माझ्यापाशी आली.

"बाई, तुमाला कळलंय का काही? त्याचं?"

"नाही हो. काहीच कळलेलं नाही. ही यंत्राची चूक आहे."

"मग त्यांच्यात का बोलवलं त्याला?"

दगडू आबा दारातूनच बोलले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "कौसे, खबर येऊ द्या म्हणत होतीस. ही आली की. नाव काढलेल्यातलं ज्याला ज्याला बोलवलं, त्यात जितं कोण हाय? येती अमावस्या धर. पुतळ्याचं मी बघतो."

ती जागीच खाली बसली. तिने इतकी वर्षे अडवून धरलेला अग्नी माझ्या आवाजाने तिच्या दारात आणून ठेवला होता.

मला शिकवण्याची सवय आहे. मी तेच केले. केंद्राच्या लाकडी दारावर खडूने चौकोन आखले, नावे लिहिली, पहिल्या घरात फुली काढून दाखवली. जुना प्रोग्राम फुली बघतो आणि ते नाव ओलांडतो, नवा फुली बघतच नाही, हे समजावून सांगितले. फुली म्हणजे मरण नव्हे, हे दोनदा सांगितले. सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकले.

"समदं पटलं बाई," दगडू आबा म्हणाले. "आता फुलीवाला एक जिता दाखवा."

अडचण रास्त होती. म्हैस विकून गाव सोडून गेलेले दोघेतिघे त्या नावांत होते, पण ते ओ द्यायला वाडीत नव्हते. जे वाडीत होते, ते मातीत किंवा राखेत होते. मी म्हटले, "मग एका जिवंत सभासदाच्या नावावर तुमच्यासमोर फुली मारते. उद्या पहाटे नवा प्रोग्राम त्यालाही बोलावील. तो उभा राहून ओ देईल. अंकुश, तुमचं नाव घेऊ का?"

अंकुशने संगणकासमोरची खुर्ची मागे सरकवली. "माझ्या नावाला हात लावू नका म्याडम. घरी दोन लेकरं हायती."

"अहो, ही नुसती खूण आहे. लगेच काढता येते."

"ते मला समजतंय. पण नगं."

मी एकेकाकडे पाहिले. शिकलेली माणसे होती, दोन पदवीधर होते, एक जण गावात पतसंस्थेत नोकरीला होता. प्रत्येकाने नजर किटलीकडे वळवली. आमच्या घरात तेरावे, पुतळे यांना थारा नाही. माझ्या वडिलांच्या पिढीनेच ते सोडले. तरीही खरे सांगते, मी त्या केंद्राची सभासद असते तर माझे नाव पुढे केले असते की नाही, याची मला खात्री नाही.

"मपलं नाव काढा," कौसाबाई खाली बसूनच म्हणाली.

"कौसे, येडी झालीस का?" दगडू आबा म्हणाले.

"मी जिती हाय का न्हाई, ते उद्या बघा की."

तिने स्वतः संगणकासमोर उभे राहून बघितले. मी आज्ञा दिली आणि तिच्या नावाआधीच्या घरात खूण पडली. जुन्या प्रोग्रामच्या पडद्यावर गंगारामच्या घरातले एकही नाव आता दिसत नव्हते. तिने पडद्यावर बोट ठेवले. "हितं होतं न्हवं?" मी हो म्हटले. ती घरी गेली. अमोल आणि मी अंकुशच्या घरी राहिलो. जेवताना अमोल एकदाही भाषेवरून बोलला नाही.

पहाटे आख्खी वाडी केंद्राबाहेर होती. कौसाबाई दूध घेऊन आली, पण तिने ते मोजायला दिले नाही. किटली पायाशी ठेवून ती एका बाजूला उभी राहिली. धुके कालच्यापेक्षा दाट होते. हजेरी सुरू झाली. वारलेल्यांची नावे आली आणि गेली. त्या दिवशी कुणीच ओ देत नव्हते.

"गंगाराम मारुती." तीनदा.

मग क्षणभराची ती जागा, जी मी प्रत्येक दोन नावांच्या मध्ये ठेवली होती.

"कौसाबाई गंगाराम."

वर्गात मुलगी उभी राहते तशी ती ताठ उभी राहिली. "हाय," ती म्हणाली. आणि भोंग्याकडे मान वर करून, जणू त्यातल्या बाईलाच सांगावे तसे, "हाय. जिती हाय."

अंकुशने बटण दाबले. यंत्र पुढे गेले.

"नवनाथ गंगाराम."

सगळ्यांची तोंडे एकदम रस्त्याकडे वळली. कुणी कुणाला सांगितले नव्हते. "नवनाथ गंगाराम." धुक्यात टँकरचे दिवे तेवढे दिसत होते. "नवनाथ गंगाराम." रस्त्यावरून कुणी आले नाही. पण दगडू आबांनी काठी उचलली आणि कौसाबाईजवळ येऊन म्हणाले, "राहू दे मग पुतळ्याचं. बघू." त्यानंतर तो विषय भावकीत कुणी काढला नाही.

अमोलने त्याच दिवशी चूक दुरुस्त केली; एकच ओळ लागली. मी कौसाबाईच्या नावावरची फुली काढली. तिने पडद्यावर खात्री करून घेतली आणि म्हणाली, "त्याची बी काढा."

अंकुश म्हणाला, "मावशे, दूध घालत न्हाई त्याला सभासद ठेवता येत न्हाई. नियम हाय."

"त्याच्या वाटणीची म्हैस हाय की दावणीला."

"मग तिचं दूध त्याच्या नंबरावर घाल."

"न्हाई," ती म्हणाली. "दूध घातलं की तुमी त्याला बोलवणार न्हाई. दूध मी मपल्या नावानं घालीन. त्याला नुसतं बोलवा."

अंकुशने माझ्याकडे पाहिले. मी रिकॉलची आज्ञा दिली. अमोल मागे उभा राहून बघत होता.

"तुझ्या भाषेत याला शब्द आहे का रे?" मी विचारले.

"करता येतं बाई. शब्द न्हाई," तो म्हणाला. त्या दिवसापासून तो मला फॉक्सप्रोवरून चिडवत नाही. आता मला ते चिडवणे आठवते.

तेव्हापासून नवनाथ पुन्हा सभासद आहे आणि रोज गैरहजर आहे. त्याचे नाव सहसा हजेरीत शेवटचे येते, कारण बाकीच्यांचे दूध वेळेवर येते.

मागच्या थंडीत अंकुशचा पुन्हा फोन आला.

"म्याडम, आज त्यानं ओ दिली."

"कुणी?"

"रस्त्याकडनं. धुकं लई होतं. 'आलो' म्हणला. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं, टँकरवाल्यानं बी ऐकलं."

"कुणी तरी चेष्टा केली असेल."

"आसंल. पण म्याडम, पहिल्याच हाकेला ओ आली आन् माझा हात सवयीनं बटणावर गेला. दुसरी हाक झालीच न्हाई. टँकर थांबला. लई येळ थांबला. आलं न्हाई कुणी."

मला ते पुसलेले मुद्रण आठवले आणि उलगडा झाल्यासारखे वाटले. मी अमोलला वाडीत पाठवले. त्याने केंद्राच्या संगणकातले सगळे आवाज तपासले. नवनाथच्या नावाचे मुद्रण एकच होते. ते त्याने मला फोनवर ऐकवले. माझा आवाज नाव घेतो, नंतर श्वासाएवढी शांतता, मग संपते. तोंडावर हात दाबून धरलेल्या मुलाची शांतता. त्यात दुसरे काही नाही.

मी कौसाबाईला भेटायला गेले. ती म्हशीला पेंड घालत होती. मी फॉक्सप्रो, पायथन, मुद्रण, चेष्टा, सगळे क्रमाने सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"आवाज मोठ्या माणसाचा होता बाई," ती म्हणाली. "तवाच्यासारखा पोराचा न्हवता."



दुसऱ्या दिवशी पहाटे मी केंद्राबाहेर उभी राहिले. हजेरी शेवटच्या नावापाशी आली. भोंग्यातल्या तरुण बाईने पहिली हाक दिली, दुसरी दिली. तिसऱ्या हाकेच्या आधीच्या जागेत रांगेतली माणसे हलत नव्हती आणि अंकुशचे बोट बटणाच्या वर थांबले होते. तिसरी हाक झाली. टँकरच्या चालकाने किल्लीला हात लावला, पण फिरवली नाही. तो खिडकीची काच खाली करून रस्त्याकडे कान देऊन बसला होता. मीही तेच करत होते.